झोपतोस कसा?

बिरण्णाकडं कुणी अंगावर मोठं गोंदण करून घ्यायला आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. चित्र कशाचं, रंग कोणते, किती दिवसांत पाहिजे, हे सगळं नंतर. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं की हा त्याच्या खांद्याकडं बघत विचारायचा, "झोपतूस कसा?"

माणसं गडबडून जायची. एअर फोर्सच्या एका पोरानं हसत हसत "अकेला" म्हणून सांगितलं, तेव्हा त्याच्याबरोबरची पोरं टाळ्या देत हसली. बिरण्णा हसला नाही. "उल्टा के सीधा, वो पूछ रहा मैं," एवढंच म्हणाला आणि उत्तराची वाट बघत बसला. उत्तर मिळाल्याशिवाय तो पेन्सिल उचलायचा नाही. चिडून निघून गेलेले लोकही मी पाहिलेत.

बीदरच्या जुन्या स्टँडमागच्या गल्लीत त्याचं आणि माझं दुकान एकाच गाळ्यात होतं. मधे प्लायवूडचं पार्टिशन. इकडं माझं झेरॉक्स, तिकडं त्याचं गोंदण. मी बी.ए. झाले, नोकरी काही लागेना, म्हणून भावानं हप्त्यावर मशीन घेऊन दिलं, आणि दिवसभर रेशनकार्डं न् मार्कमेमो काढत मी तिथं बसायची. तिकडं त्याची मशीन गुणगुण करायची, इकडं माझी खटखट करायची. त्या आवाजांत आमची दहाबारा वर्षं गेली. तो मला अक्का म्हणायचा, वयानं माझ्याहून मोठा असून.

तो मूळचा अफझलपूरकडच्या करजगीचा. धनगराच्या घरातला, पण घरात मेंढरू नव्हतं. "आज्ज्यानंच इकला सगळं," असं सांगायचा. लहानपणापासून भिंती रंगवल्या, मग बीदरला येऊन ट्रकांच्या मागं मोर आणि कमळं काढली. जत्रेत बॅटरीवर नावं गोंदणाऱ्या एका म्हाताऱ्याजवळ बसून सुई धरायला शिकला. पहिली मशीन त्यानं मोडक्या टेपरेकॉर्डरच्या मोटरीवर स्वतः केली होती. पुढं हैदराबादहून चांगली आणली, तरी ती जुनी त्यानं कपाटात ठेवली होती आणि अधूनमधून तेल घालायचा. हाडाचा उंच, लांब बोटांचा माणूस. कपाळाला हळदीचा भंडार ठसठशीत लावलेला. तंबाखू नाही, आणि काम असलेल्या दिवशी चहासुद्धा नाही, हात हलतो म्हणून.

त्याला एक खोड होती. माणसाचं तोंड तो बघायचाच नाही. रस्त्यानं चालताना त्याची नजर पुढच्याच्या पाठीवर. कुणाची पाठ आवडली की निघाला त्याच्या मागं. एकदा स्टँडवर एका पहिलवानाच्या मागं मागं तो फलाटांमधून हिंडला. पहिलवानाला वाटलं पाकीटमार. त्यानं धरून दोन ठेवून दिल्या. बिरण्णा गाल चोळत दुकानात आला आणि मला म्हणाला, "मारला ते जाऊंद्या अक्का, पन मारताना त्याची पाठ काय फिरली म्हंता!" मी त्याला बर्फ आणून दिला आणि चार शब्द सुनावले. त्याचं लक्ष नव्हतं. तो कागदावर त्या पाठीची रेघ काढत होता.

त्याची कामाची रीत बघायला मला आवडायचं. भिंतीवर चित्रांचे नमुने चिकटवलेले असतात तसले त्याच्याकडं नव्हते. कुणी मासिकातलं चित्र फाडून आणलं तर तो परत द्यायचा. "दुसऱ्याचा सदरा तुला कशाला? तुझ्या मापाचा शिवू की." मग गिऱ्हाइकाला त्याचं रोजचं काम करून दाखवायला लावायचा. बीदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात हमाली करणारा एक जण दोन्ही खांद्यांवर पंख पसरलेला गरुड पाहिजे म्हणून आला होता. बिरण्णानं त्याला उघडा केला आणि माझ्या कागदांची खोकी आत-बाहेर करायला लावली. मला आयता हमाल मिळाला म्हणून मी खुशीत. हा मागं उभा राहून बघत होता, खोकं उचलताना पाठीचं हाड कुठं सरकतं, कातडं कुठं ताणतं. शेवटी म्हणाला, "वझं उचललास की ह्या गरुडाचं पंख मोडतंय. पंख मिटलेला करू. तू वाकलास की उघडंल." आणि खरंच तसं झालं. तो हमाल वाकला की गरुड पंख उघडायचा, सरळ झाला की मिटायचा. बिचारा हमाल आरशात ते बघू शकत नव्हता, कारण बघायला मान वर केली की पंख मिटलेलेच. त्यानं गल्लीतल्या सगळ्यांना वाकून दाखवलं.

तर आधी हे असं बघणं. मग साध्या पेनानं अंगावरच चित्र काढायचं आणि माणसाला घरी पाठवायचं. "वागवून बघ," म्हणायचा. ते चित्र घामानं पुसायचं, बायको काहीतरी बोलायची, मित्र नाव ठेवायचे. माणूस परत आला तर पुढची गोष्ट. परत आलेल्याच्या अंगावरून तो पातळ कागदावर रेघा उतरवायचा आणि तो कागद घेऊन माझ्याकडं यायचा. पाठीएवढं चित्र माझ्या मशीनवर एका कागदात कुठलं बसणार? तुकड्या-तुकड्यांनी काढून, माझ्या फरशीवर पसरून, आम्ही ते चिकटपट्टीनं जोडायचो. गिऱ्हाइकं दारात खोळंबायची. मी कुरकुरायची, पण पेपरच्या कडा जुळवायला मीच आधी खाली बसायची हेही खरं. त्यावरून तो पुन्हा सगळं नव्यानं काढायचा, चार-चारदा, आणि कुठंतरी जागा मोकळी सोडायचा. "पाठ म्हंजे फळा न्हाई, अक्का. तिला बी श्वास घ्याय लागतुय." मग जांभळ्या कार्बनचा ठसा आणि सगळ्यात शेवटी सुई.

पण त्या काळात तो झोपेचं काही विचारत नव्हता. तो प्रश्न नागनाथनंतर आला.

नागनाथ औराद रस्त्याच्या एका खेड्यातला, हाही धनगराचाच. घरात आई, तुळसाबाई. तिनं नवऱ्याबरोबर मेंढरं घेऊन मुलूख पायाखाली घातलेला. पोरगा मात्र पुण्याला जाऊन माती उपसायच्या पिवळ्या मशीनवर ड्रायव्हर झाला. तेव्हा आमच्या भागातली निम्मी पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला असायची, आणि सणाला येताना मोबाईल न् गॉगल घेऊन यायची. नागनाथला तसलं काही नको होतं. त्याला पाठभर मैलारचा मल्लण्णा, म्हणजे खंडोबा, पाहिजे होता, घोड्यावर बसलेला. "तिकडं लई एकटं वाटतंय," तो म्हणाला. "देव बरोबर असावा."

बिरण्णा त्या दिवशी घरी जाताना पायात चपला घालायला विसरला. आयुष्यभर मोर आणि गरुड काढले, आता घरचा देव आला होता दारी. नागनाथ सुट्टीला येईल तेव्हा तेव्हा काम चालायचं. पालथा पडून तो दात आवळायचा, बिरण्णा पुसत पुसत पुढं सरकायचा. घोड्याची मान खांद्यावर अशी आणली की नागनाथनं हात उचलला की घोडा मान टाकायचा. मी बौद्ध घरातली, माझ्या दुकानात बुद्धाच्या तसबिरीशिवाय काही नाही, पण त्या चित्राचा जोडलेला मोठा कागद मीसुद्धा मागच्या भिंतीवर लावून ठेवला. देव म्हणून नव्हे. तसं चित्र मी आधी पाहिलं नव्हतं.

डोळे शेवटी. त्या दिवशी बिरण्णा अंघोळ करून उपाशी आला. गल्लीतले लोक जमले होते. देवाचे दोन डोळे उघडले, तसं त्यानं सुई खाली ठेवली, पिशवीतून भंडार काढला आणि चित्रापासून लांब, नागनाथच्या मानेला आणि कमरेला तो लावला. "येळकोट येळकोट" म्हणाला. जमलेल्यांनी पुढचं म्हटलं. बिरण्णाच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हा ते फार छान वाटलं होतं.

पुढच्या सणाला नागनाथ आला नाही. त्याच्या नंतरच्यालाही नाही. आणि एका दुपारी त्याची बायको सुरेखा माझ्या दुकानात आली. हातात झेरॉक्स काढायला कागद नव्हता. बराच वेळ पदराचं टोक पिळत उभी राहिली. मी स्टूल पुढं केलं.

"पलीकडच्या अण्णास्नी सांगता येत न्हाई, म्हून तुमाला सांगते, अक्का," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक की मी मशीन बंद केली.

काम पुरं होऊन नागनाथ घरी गेला तेव्हा तुळसाबाईनं लेकाची पाठ बघितली, भंडार उधळला आणि पाठीपुढं नारळ फोडला. सगळं घर आनंदात. अंथरूण घातलं, नागनाथ उताणा पडला आणि म्हातारी किंचाळली. देवाला खाली घालून झोपतोस? तेव्हापासून तो उताणा झोपला नव्हता. भिंतीला टेकायचं नाही, पाठीवर ओझं घ्यायचं नाही. मशीनवरसुद्धा सीटला न टेकता पुढं वाकून बसायचा, दिवसभर. पाठीचा मणका धरून आला. आणि सुरेखानं अंघोळीशिवाय पाठीला हात लावायचा नाही. महिन्याचे दिवस आले की तिनं त्या खोलीतच जायचं नाही.

"वरीस झालं न्हाई लगनाला," ती म्हणाली आणि मान खाली घातली. "हात कुठं ठेवावं कळंना गेलंय, अक्का. हात ठिवला की देव लागतुय. ते बी दूर सरकत्यात. आता तर घरलाच येत न्हाईत. आत्याबाई म्हणत्यात, तुझ्यानंच देवाला विटाळ झाला, म्हायेरला जा."

मी फटकळ बाई. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, शाई आहे ती. देव कुठला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. "तुमाला शाई, अक्का," ती म्हणाली, "आमाला न्हाई." मला माझ्या बोलण्याची शरम वाटली. ती केवढं धाडस करून नवरा-बायकोतली गोष्ट परक्या बाईला सांगत होती, आणि मी तिला शहाणपण शिकवत होते.

एवढ्यात माझ्या लक्षात आलं की पार्टिशनपलीकडची गुणगुण कधीच थांबली आहे. प्लायवूड ते, त्यातून खोकलासुद्धा ऐकू यायचा. सुरेखा जाईपर्यंत बिरण्णा बाहेर आला नाही. नंतर आला तो माझ्या उंबऱ्यावर उभा राहिला, आत पाऊल टाकेना.

"भंडार मीच लावलो, अक्का."

"लोक लावतातच की."

"चितर व्हतं ते. मी भंडार लावलो, येळकोट केलो, म्हून देव झाला. मला कळाय पाहिजे व्हतं. मी धनगराचा. माजंच चितर बघून मला चढली. चार लोकांत मिरवावं वाटलं."

त्या दिवशी त्यानं शटर खाली ओढलं ते बरेच दिवस वर केलं नाही. उघडलं तेव्हा त्याच्या कपाळाला भंडार नव्हता. रस्त्यानं जाताना पाठी बघायचं त्यानं सोडलं. खाली बघून चालायचा. लोकांना वाटलं आजारी आहे. शरमेनं माणूस इतका वाळतो हे मी तेव्हा पाहिलं.

मग एकदा येऊन म्हणाला, "माझ्यासंगं येताव का अक्का? म्हातारीसमोर जाऊन उभं राहावं म्हंतो. पन सून बी आसंल घरात. बाईमाणूस बरोबर असल्यालं बरं."

आम्ही गेलो. तुळसाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत बसली होती. हा कोण ते कळल्याबरोबर तिनं सूप बाजूला सारलं, उठली आणि त्याच्या पायाला हात लावायला वाकली. "माज्या घरला देव आणून दिलास बाबा," म्हणाली. बिरण्णा असा मागं सरला की अंगणातल्या घागरीला अडखळला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्यानं खाल्ल्या असत्या. पण हे त्याला सोसेना. त्यानं तिथंच तिच्यासमोर जमिनीवर बसकण मारली.

"माय, चूक झाली माझ्यानं. भंडार लावाय नको व्हता. तुज्या लेकाला ना झोप, ना संसार."

म्हातारीचा चेहरा बदलला. "मग? आता खोडतूस व्हय?"

"न्हाई."

"देव खोडत्यात कामून रं? कोन खोडतंय देवाला?"

"न्हाई म्हनलो की, माय."

सुरेखा दाराच्या आत उभी होती. फक्त बांगड्या भरलेला हात दिसत होता. मला वाटलं, आता उठावं. तेवढ्यात बिरण्णानं विचारलं, आणि ज्या आवाजात तो गिऱ्हाइकांना विचारायचा, खोकं कसं उचलतोस म्हणून, त्याच आवाजात.

"माय, तुमी मेंढरं घेऊन हिंडत व्हताव तवा देव कुटं असायचा? वाटंनं कसं नेत व्हताव?"

"कसं म्हंजे? घोंगड्यात." तिला हा काय प्रश्न असं वाटलं. "मुक्कामाला देव बाहेर काढायचा, भंडार लावायचा. वाटंला लागलं की घोंगड्यात गुंडाळून घोड्यावर. वर भांडी, वर लेकरं. ह्यो नाग्या त्येच्यावरच बसून हिंडलाय."

"देवावर?"

"घोंगड्यावर रं! देव आत झोपल्याला असतुय."

"आन् बाईमाणसाचा हात लागला तर? विटाळ?"

"वाटंला कसला विटाळ? बायाच तर बांधत व्हत्या गठुडं. घोंगडं हाय की वर," तुळसाबाई म्हणाली आणि एकदम थांबली.

आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. तिनं दाराकडं बघितलं. तो बांगड्या भरलेला हात तसाच होता. म्हातारीनं सूप ओढलं, दोनदा पाखडलं, परत ठेवलं. "नाग्या बी वाटंलाच हाय म्हना की," ती कुणाशीच न बोलल्यासारखं बोलली. "पुन्याला त्येचं कुटं घर हाय." मग गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि एक जुनं काळं घोंगडं आणून बिरण्णाच्या मांडीवर टाकलं. "नीट बगून घे. असं विनत्यात ते."

बिरण्णानं ते घोंगडं बीदरला आणलं आणि सरळ माझ्या मशीनच्या काचेवर पसरलं. मी ओरडले. त्यानं ऐकलं नाही. काळाभोर कागद बाहेर आला, त्यात लोकरीचे तंतू, उभे-आडवे धागे, कुठं सुटलेली गाठ. मशीनमधली लोकर मी पुढं कितीतरी दिवस काढत होते. त्यानं तो कागद उजेडात धरला. "ह्येच," म्हणाला.

नागनाथला बोलावून घेतलं. तो वाळला होता, पुढं वाकून चालत होता. आईनं काय सांगितलं ते त्याला कळलं होतं. तो खाटेवर पालथा पडला. या वेळी गल्लीतलं कुणी नव्हतं. मी पार्टिशनच्या अलीकडं बसले होते. बिरण्णाला हळूच म्हणताना मी ऐकलं, "चल मल्लण्णा, वाटंला लागायचं." आणि गुणगुण सुरू झाली. नंतर त्यानंच सांगितलं, सुरुवात त्यानं डोळ्यांपासून केली. सगळ्यात शेवटी उघडले होते ते सगळ्यात आधी झाकले.

ते काम देवाच्या कामाहून जास्त चाललं. नुसतं काळं फासलं असतं तर लवकर झालं असतं. पण त्यानं धागा धागा विणला, उभा, आडवा, कडेला दशा सोडल्या. घोड्याची मान, देवाचा हात, सगळं एकेका धाग्याखाली गेलं. त्याच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं चित्र त्यानं स्वतःच्या हातानं झाकलं. पूर्ण झाल्यावर मी बघितलं. एका माणसाच्या पाठीवर एक घोंगडं, बस. मात्र उजेड तिरका पडला की घोड्याच्या मानेची रेघ किंचित उठून दिसायची, अंथरुणात कुणी झोपलेलं असावं तशी.

मग तो माझ्या भिंतीवरचा कागद मागायला आला. मी काढून दिला. त्यानं घडी घालून त्या घोंगड्यात ठेवला, आणि दोन्ही तुळसाबाईकडं पोचते केले.

गावात हसू झालं. ज्यांनी देव बघितला होता ते आता घोंगडं बघून गेले. नव्या रस्त्यावर हैदराबादहून शिकून आलेल्या एका पोरानं काचेचं दुकान घातलं होतं. त्यानं सगळीकडं सांगितलं की म्हाताऱ्याचा हात गेला, देव बिघडला म्हणून वर काळं फासलं. मी भांडायला निघाले होते. बिरण्णानं अडवलं. "खोटं काय बोलला, अक्का? बिघडवलोच व्हतो की." त्यानं कुणाला खरी गोष्ट सांगितली नाही. ती सांगायची तर सुरेखाचं नाव यायचं, आणि तो ते कधीच होऊ देणार नव्हता.

तेव्हापासून तो पहिला प्रश्न सुरू झाला. झोपतूस कसा? घरात कोण असतं? पाठीला हात कुणाचा लागतो? पोरं हसायची, निघून जायची, काचेच्या दुकानात जायची. तिथं असलं काही विचारत नाहीत, पुस्तक उघडून देतात. बिरण्णाकडं गिऱ्हाईक कमी होत गेलं. आणि आणखी एक गोष्ट मी बघत होते, पण तिच्याकडं माझं नीट लक्ष कधी गेलं नाही. त्याच्या खुर्चीला पाठ होती, आणि तो तिला टेकत नव्हता. काम नसलं तरी कोपर गुडघ्यावर ठेवून पुढं वाकून बसलेला असायचा. माझ्याकडं आला तरी स्टूलच घ्यायचा. मला वाटायचं, इतकी वर्षं वाकून काम केलंय, सवय असेल.

पुढं एका उन्हाळ्यात नागनाथच्या घरून बारशाचं बोलावणं आलं, दोघांनाही. बिरण्णा नको म्हणत होता. मी ओढून नेलं. घरात माणसं मावत नव्हती. तुळसाबाईनं नातवाला मांडीवर घेऊन आम्हाला दाखवलं, आणि सुरेखानं पंगतीत बिरण्णाच्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा पुरणपोळी वाढली. तो ताटाकडं बघत जेवला. वर बघितलंच नाही.

जेवणं झाली. पाहुण्यांतला कुणीतरी म्हणाला, "अण्णा आल्यात तर नागूची पाठ बघू की. घोंगडं हाय म्हनं." दोघंतिघं उठले, बिरण्णाला मधे घेऊन माळवदाखालच्या खोलीत गेले. मी मागं होते.

नागनाथ झोपला होता. उताणा. सदरा काढलेला, दोन्ही हात पसरलेले, तोंड उघडं, बारीक घोरत होता. त्याच्या छातीवर बाळ पालथं झोपलेलं. सुरेखा शेजारी भिंतीला टेकून पुठ्ठ्यानं वारा घालत होती, आणि तिचा दुसरा हात नवऱ्याच्या खांद्याखाली, पाठीशी गेलेला होता. आम्हाला बघून तिनं तो काढला नाही.

पाहुणा हाक मारायला पुढं झाला. बिरण्णानं त्याचा दंड धरला. "झोपू द्या," म्हणाला.

आम्ही दुपारच्या बसनं परत निघालो. बस अर्धी रिकामी होती. बिरण्णा खिडकीजवळ बसला, नेहमीसारखा पुढं वाकून, पुढच्या सीटचा दांडा धरून. बराच वेळ बाहेर बघत होता. मी विचारलं, "बरं वाटलं का, अण्णा?" थोड्या वेळानं मला जाणवलं की दांड्यावरचा हात सुटलाय. तो मागं टेकला होता. हळूहळू, सीटला लागेल की काय अशा भीतीनं टेकल्यासारखा. मग त्याचं डोकं मागं पडलं आणि तो झोपला. त्याला असं टेकलेलं मी त्या सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते मला त्या बसमध्ये बसल्यावर कळलं. शेजारी पार्टिशनला पाठ लावून बसलेली मी, आणि मला कधी दिसलं नव्हतं.

माझं घर गावाबाहेरच्या नाक्यापाशी, त्याला पुढं स्टँडला उतरायचं होतं. मी दुसऱ्या दिवशी बहिणीच्या बाळंतपणाला लातूरला गेले, आणि परत येईपर्यंत त्यानं गाळा सोडला होता, करजगीला निघून गेला होता. टेपरेकॉर्डरची ती जुनी मशीन तेवढी माझ्यासाठी ठेवून गेला. त्यामुळं तो मला शेवटचा दिसला तो तसाच, बसच्या खिडकीत, मान मागं टाकलेला, पाठ पूर्ण टेकलेली.

उतरताना मी कंडक्टरला म्हणाले, "त्यांना स्टँडला उतरायचंय. पण गाडी थांबल्यावर लगेच उठवू नका."

"कामून?" त्यानं विचारलं.

"लई दिवसांनी झोपलेत," मी म्हणाले.